पाळत का नाहीस?

सांगलीहून व्हिडिओ कॉल आला की भाचरं आधी मागचं अंगण दाखवायला लावतात. आमच्याकडे न्यू जर्सीत रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी रकून येतो, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला झुबकेदार शेपटीचा प्राणी, आणि कुंपणावरून ऑपॉसम नावाचं मांजराएवढं, उंदराच्या तोंडाचं जनावर चालत जातं. मग ठरलेला प्रश्न: "मावशी, पाळत का नाहीस? रीलमध्ये तर स्वेटर घालून मांडीवर बसतं!" हल्ली मोठी माणसंही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मे महिन्यातली संध्याकाळ. किराणा घेऊन येताना रस्त्याकडेला ऑपॉसमची मादी पडलेली दिसली. गाडीखाली आलेली. ती मेली होती, पण पोट हलत होतं. हे कांगारूच्या गोतातलं, पिशवीवालं जनावर. पिल्लं 12-13 दिवसांतच जन्मतात, घेवड्याच्या दाण्याएवढी. सरपटत पिशवीत शिरतात आणि आईच्या सडाला चिकटतात, ती दोनेक महिने. सड तोंडात फुगून बसतो, ओढलं तर पिल्लाला इजा होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जखमी वन्यप्राणी सांभाळायचा परवाना असलेल्या एका बाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आईसकट आणा." बासमतीची पोती माझ्या पायाशी आली आणि मागच्या सीटवर खोक्यात ती. नवऱ्याने सबंध रस्ता काचा खाली ठेवल्या.

सात पिल्लं निघाली. ती बाटली चोखत नाहीत, बारीक नळी थेट पोटात घालून दर दोन-तीन तासांनी दूध द्यावं लागतं, रात्रीसुद्धा. मी दर शनिवारी जाऊ लागले. नळीला हात लावू दिला नाही, फडकी धुवायचं काम मिळालं. आणि खरं सांगते, एक पिल्लू मला हवं होतं. जरा मोठं झाल्यावर बाईंनी ते तळहातावर ठेवलं तर हललंसुद्धा नाही.

"किती शांत आहे!" मी म्हटलं.

"घाबरलंय ते," बाई म्हणाल्या.

ऑपॉसम फारच घाबरलं की आडवं होतं, जीभ बाहेर, मागून घाण वास. ते सोंग नसतं, त्याच्या हातातच नसतं. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे असं गप्प राहणं. आता कुठलीही रील बघितली की मांडीवरचं ते जनावर लाडात आहे की भीतीने थिजलंय, हेच मी बघत बसते.

त्याच खोलीत एक मोठं ऑपॉसम होतं, कुणीतरी हौसेने पाळलेलं. खाण्यातल्या कॅल्शियमचं गणित चुकलं की त्यांची हाडं वाकतात. ते मागचे पाय ओढत चालायचं. तसंही जंगलात जेमतेम दोन वर्षांचं आयुष्य.

रकूनचं तर विचारूच नका. काही राज्यांत परवाना काढून पाळता येतो, कॅलिफोर्नियात साफ बंदी. हो, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी व्हाइट हाऊसमध्ये पाळला होता. 1926 साली थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणासाठी कुणी पाठवलेली रकूनची मादी त्यांनी ठेवून घेतली, नाव रिबेका. पण जपानचंही ऐका. 1977 साली रकूनच्या पिल्लावरच्या एका कार्टून मालिकेपायी तिथे कितीतरी घरांत रकूनची पिल्लं आली. वयात आल्यावर ती चावायला लागली, मग लोकांनी रानात सोडली. आता तिथले रकून शेतं उद्ध्वस्त करतात, जुन्या देवळांच्या माळ्यावर घाण करतात. शिवाय इकडे पूर्व किनाऱ्यावर रकूनमध्ये रेबीज आहे. पाळलेला रकून पाहुण्याला चावला तर तपासणी मेंदूची होते, म्हणजे आधी त्याला मारावं लागतं.

पिल्लं शेपूट सोडून सात-आठ इंचांची झाली तेव्हा बाईंनी ओढ्याकाठी सोडली. माझं पिल्लू खोक्यातून उतरलं आणि गवतात गेलं. मी त्याला मनातल्या मनात नाव ठेवलं होतं. भाचरांना ते अजून सांगितलेलं नाही.