एका चरित्राला सहा वर्षं

मी जिल्हा परिषदेत कारकून होतो. चरित्र लिहायला घेतलं तेव्हा ज्याला त्याला एकच प्रश्न पडायचा, "तुमचा इतिहासाशी काय संबंध?" मग मी चरित्रकार धनंजय कीरांना पुढे करायचो. त्यांचं मूळ नाव अनंत विठ्ठल कीर, जन्म रत्नागिरीचा, १९१३ सालचा. मुंबई महापालिकेच्या शिक्षण समितीच्या कचेरीत ते नोकरीला होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी १९५० साली सावरकरांचं, १९५४ साली आंबेडकरांचं आणि १९५९ साली टिळकांचं चरित्र छापून आणलं. पुढे फुले, गांधी, शाहू महाराज. १९७१ साली पद्मभूषण. कारकुनानं चरित्र लिहू नये असं म्हणणाऱ्यांची तोंडं एवढ्यावर बंद व्हायची. माझी भीती मात्र तशीच राहायची.

माझा चरित्रनायक फार मोठा माणूस नव्हे. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग चालवणारे एक सत्यशोधक गुरुजी. त्यांच्यावर दोन स्मरणिका निघालेल्या, दोन्हींत तेच आठ प्रसंग. मला वाटलं होतं, वर्षभरात उरकेल.

पहिली ठेच जन्मतारखेलाच लागली. शाळेच्या दाखल्यावर १ जून. ज्याला आपल्याकडच्या शाळा ठाऊक आहेत तो इथे हसेल. शाळेत नाव घालताना मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून ठोकून द्यायचे, निम्मा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मलेला आहे. गुरुजींच्या घरी वडिलांच्या हातची एक वही सापडली, त्यात तिथी आणि शक होता, पण वही जुन्या मोडी लिपीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो एवढं मला ठाऊक होतं. पौषाच्या आसपास जानेवारी लागला की ७९ मिळवावे लागतात, हे एक वर्ष चुकवून शिकलो.

मोडीसाठी वर्गाला गेलो. पन्नाशीत पुन्हा बाराखडी! आधी ओळीभर रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. छापील मोडी महिन्याभरात येते. माणसाच्या हातची मोडी यायला ज्याची त्याची सवय व्हावी लागते. त्या वहीतलं 'दिले' की 'दीले' याचं काही वाटत नव्हतं, पण 'दिले' की 'दिवे' यावर मी एक अख्खा रविवार घालवलाय. प्रश्न बोर्डिंगला कुणी काय दिलं याचा होता.

मग दप्तरखाने. कागद रुमालात बांधलेले असतात, म्हणजे कापडाच्या गाठोड्यात. मागणीची चिठ्ठी द्यायची आणि बसायचं. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. एका कचेरीत (नाव घेत नाही) मला चार खेपा 'रुमाल सापडत नाही' हेच उत्तर मिळालं. पाचव्या खेपेला तिथल्या शिपायानं चहा पिताना विचारलं, "साहेब, फसली सन लिहिलाय की इसवी?" मी चिठ्ठीवर इसवी सन लिहीत होतो, रुमालावर फसली, म्हणजे महसुली कामकाजातला जुना सन होता. दहा मिनिटांत गाठोडं समोर. जन्मभर फायली सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते.

या काळात मी कीर पुन्हा काढले, पण आता वेगळ्या नजरेनं. नायकांची यादी बघा. ही माणसं एका घरात सुखानं राहिली असती असं नाही. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही, या वेदोक्ताच्या वादात टिळकांनी केसरीतून शाहू महाराजांच्या विरोधात लिहिलं, आणि कीरांनी आधी टिळकांचं चरित्र लिहिलं, मग १९७६ साली महाराजांचं. पुणे कराराच्या वेळी, १९३२ साली, येरवड्याच्या तुरुंगात एकीकडे दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषणाला बसलेले गांधी, दुसरीकडे आंबेडकर. कीर दोघांचे चरित्रकार. भांडण तेच, पण दर वेळी दुसऱ्याच्या ओसरीवर बसून बघायचं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. काही ठिकाणी नायकाचं कौतुक जरा जास्तच होतं असंही वाटतं. तरीही हे जमवायला काय लागत असेल, ते मला माझ्या छोट्याशा भांडणावरून कळलं.

भांडण असं. बोर्डिंगच्या हिशेबात अफरातफर झाल्याचा आरोप गुरुजींच्या सहकाऱ्यानं केला होता. स्मरणिकांत तो सहकारी 'विघ्नसंतोषी'. मी त्याच्या नातवंडांकडे गेलो, तर तिथे एक ट्रंक निघाली आणि तिच्यात त्या माणसानं उतरवून ठेवलेला धान्याचा हिशेब. आकडे दोन्हीकडचे ताडून पाहिले. पैसे गुरुजींनी खाल्ले नव्हते. पण एका वर्षी बोर्डिंगची ज्वारी विकून त्यांनी भावाचं कर्ज फेडलं होतं आणि पुढच्या दोन सुगींत ती भरून दिली होती. सहकारी खोटं बोलत नव्हता.

हे प्रकरण वाचून गुरुजींच्या घरचे बिथरले. "तात्यांचं नाव तुम्ही घालवणार," थोरले चिरंजीव म्हणाले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. मी हिशेबाची पानं त्यांच्यासमोर ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "भरून दिली हे ठळक छापा." ठळक नाही छापलं, पण छापलं. कीरांनी आंबेडकरांचं चरित्र आंबेडकर हयात असताना छापलं, सावरकरांचंही सावरकर हयात असताना. माझा नायक जाऊन साठ वर्षं झाली होती तरी माझे हात कापत होते.

प्रकाशनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्यानं माझ्याच खर्चानं पाचशे प्रती काढल्या. मुद्रितं तीनदा तपासली. घरात अजून दीडशे प्रती आहेत, पलंगाखाली.

पुस्तक आल्यावर महिन्याभरानं एका बाईंचा फोन आला. आवाजावरून वयस्कर. "अहो, ८४ पानावरचा फोटो. मधे फेटा बांधून बसलेत ते तुमचे गुरुजी नव्हेत हो. ते आमचे मामंजी." मी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंतीवरची तसबीर काढून शेजारी ठेवली. तोच फेटा, तीच काठी. गुरुजी मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे, अर्धे खांबाआड.

सावरकर वारले त्याच साली, १९६६ मध्ये, कीरांनी त्यांच्या चरित्राची वाढवलेली आवृत्ती काढली होती. माझी दुसरी आवृत्ती निघेलसं वाटत नाही. म्हणून पलंगाखालच्या प्रती एकेक बाहेर काढून ८४ पानावर पेन्सिलीनं दुरुस्ती करतोय. आजवर सत्तावीस झाल्या.