सायलीनची गादी गेली कुठे?

आर्क्टिकमध्ये काम करतो म्हटलं की लोक आधी अस्वलांचं विचारतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडताना आम्ही रायफल घेतो, हे खरं. पण माझी बहुतेक वर्षं ओल्या जमिनीवर गुडघे टेकून पानं मोजण्यात गेली.

तिथल्या लाँगइयरब्यन गावाजवळच्या एका दरीत आमचे चौरस आहेत: कोपऱ्यांत खिळे ठोकून आखलेले जमिनीचे तुकडे, ज्यांतल्या वनस्पती आम्ही पुन्हा पुन्हा मोजतो. काहींवर तिरप्या पारदर्शक भिंतींचे, वरून उघडे षट्कोनी कक्ष आहेत. त्यांच्यामुळे वारा अडतो आणि आतली हवा १ ते ३ अंशांनी तापते. बाकीचे चौरस तुलनेसाठी मोकळे. चौरसावर दोऱ्यांच्या जाळीची चौकट ठेवायची, तिच्या १०० छेदांतून एकेक करून सळई सोडायची आणि टोक कशाला टेकलं ते ओरडून सांगायचं: ध्रुवीय विलो, ड्रायास, शेवाळ, दगड. (विलो म्हणजे झुडूप, उंची बोटाच्या पेराएवढी; ड्रायास हेही जमिनीलगतचंच झुडूप.) शेवाळाची जात सांगताना माणूस अडखळतोच. जो अडखळत नाही, त्याच्या नोंदींवर माझा विश्वास नाही.

एकदा जुलैत एका मोकळ्या चौरसात सायलीन, म्हणजे जमिनीलगत गादीसारखी वाढणारी फुलवनस्पती, सापडेना. पाच वर्षांपूर्वीच्या वहीत सात छेदांवर होती, आता शून्य. बरोबरचा तरुण सहकारी खूश: तापमानवाढीने गादी गेली, आलेखाला छान उतार मिळाला! पोरगा हुशार आहे, पण त्याला उतार फार आवडतात.

मला खटकलं ते वेगळंच. मढं कुठाय? सायलीनची गादी कित्येक दशकं जगते, आणि मेली तरी करडी पडून बराच काळ जागेवरच असते. इथे काहीच नव्हतं. रात्रीच्या अकराच्या उन्हात मी कोपऱ्यांचे खिळे चाचपले. माती गोठून फुगते तेव्हा खिळे वर ढकलले जातात. मधल्या काळात कक्षांच्या दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी ते अंदाजाने पुन्हा ठोकले होते. वहीत त्याबद्दल एक ओळ नाही! चौकट वीतभर सरकवली, तर सायलीन तिथेच, गुलाबी फुलांनी भरलेली.

दोन्ही जागा मोजल्या, फोटो काढले, जुन्या फोटोतल्या दगडांशी ताडून पाहिले. ते प्रकरण मिटलं.

पण आधीच्या एका फेरीत तीन चौरसांमध्ये ‘नवीन जाती आल्या’ अशी नोंद आहे. खाली माझी सही आहे. तेव्हा खिळे पाहायचं मला सुचलंही नव्हतं.