चाळीतली सव्वीस जानेवारी

लालबाग म्हटलं की आता सगळ्यांना गणपती आठवतात. साहजिकच आहे. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. पण आम्हा चाळीतल्या पोरांचा वर्षाचा मोठा दिवस म्हणजे सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी मंडळाची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा.

आठवडाभर आधीपासून मंडळाची माणसं वर्गणीची वही घेऊन मजल्या-मजल्यावर फिरायची. जिन्याखालच्या फळ्यावर रंगीत खडूने कार्यक्रम लिहिला जायचा: मुलांच्या स्पर्धा, हळदीकुंकू, रात्री नाटक. लिंबू-चमच्यात मला एकदा स्टीलची वाटी मिळाली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी मंडळाचं नाव कोरलंय. आमच्याकडे अजून मीठ त्याच वाटीत असतं.

गिरणगावातल्या कामगारांची नाटकं परळच्या दामोदर हॉलमध्ये गाजायची. आमचं थिएटर म्हणजे दोन चाळींमधला बोळ आणि जोडून ठेवलेली बाकडी. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेली ही माणसं, त्यांचा आवाजच मोठा. माईक बंद पडला तरी वरच्या गॅलरीतल्या आजीला वाक्यन्‌वाक्य ऐकू जायचं. समोर पहिल्या रांगेत गाववाले. बायकामुलं कोकणात किंवा घाटावर, आणि इथे एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. त्या दिवशी त्यांना खानावळीत जेवू द्यायचं नाही, अशी चाळीची रीतच होती. कुणाच्या ना कुणाच्या घरी त्यांचं पान असायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आठच दिवसांनी पूजा होती, ती नेहमीसारखी दणक्यात झाली. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असंच घरोघरी बोललं जात होतं. पुढची सव्वीस जानेवारी आली तरी अडीच लाख कामगारांचा तो संप मिटला नव्हता. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी चाळ घड्याळ बघून उठायला लागली होती. गाववाल्यांच्या खोल्यांना कुलपं होती.

यंदा पूजा करायची की नाही, यावर जिन्यातच बैठक बसली. पुरुष गप्प होते. आईच म्हणाली, "नाटक राहू दे, पूजा व्हायलाच पाहिजे." बाकीच्या बायकांनी मान डोलावली आणि ठरलं. वही फिरली, पण खजिनदारांनी त्या वर्षी नावापुढे आकडा लिहिलाच नाही. कुणी वाटीभर रवा दिला, कुणी साखर, कुणी दोन केळी. प्रसाद सगळ्यांना सारखाच, एकेक द्रोण. तुपाचा हात आखडता होता, तरी त्या शिऱ्याची चव माझ्या जिभेवर आहे.

चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. बरीचशी घरं डोंबिवलीला, विरारला गेली, पण पूजेला माणसं लोकलने येतात, येताना नातवंडांना घेऊन येतात. मंडळाच्या कपाटातल्या जुन्या वह्या त्या दिवशी टेबलावर मांडतात. मी १९८३ चं पान काढतो. बाबांचं नाव वरून अकरावं आहे, पुढची जागा कोरी.