झुरेकसाठी झुरणं

परवा सकाळी कपडे वाळत टाकायला गच्चीवर चालले होते आणि जिन्यातच थांबले, कारण खाली स्वयंपाकघरातनं असा एक वास आला ना की दोन सेकंद मला कळेचना मी कुठंय. आंबट, किंचित कुबट, धान्याचा वास. सासूबाई बिबड्यांसाठी (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) तीन दिवस भिजवलेली ज्वारी निथळत होत्या, दरवर्षी एप्रिलात करतात तशी, आणि माझ्या डोळ्यासमोर आलं काय, तर व्रोत्सवाफच्या आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारच्या आजींचं स्वयंपाकघर, रेडिएटरजवळ फडकं बांधून ठेवलेली काचेची बरणी आणि त्यात झुरेक नावाच्या सूपसाठी आंबत घातलेलं पीठ. तोच वास हो, अगदी तोच. मी म्हटलं, आई, हा पोलंडचा वास आहे. त्या म्हणाल्या, "काहीबी बोलते वं तू, हा आपल्या जवारीचा वास."

आता काय बोलणार.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं पोलंडला होतो, व्रोत्सवाफ नावाच्या शहरात (स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका, मी पहिले सहा महिने चुकीचंच म्हणत होते). तिथे असताना मी भरितासाठी जीव टाकायची. तिकडे मिळतं ते जांभळं चकचकीत वांगं, ते ओव्हनमध्ये भाजायचं, आणि मग आपली हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की येणारा धुराचा वास नाही म्हणून ताटापुढे तोंड पाडून बसायचं. सोबत कळण्याची भाकरी नाही, मिरचीचा ठेचा नाही. आणि आता जळगावात परत येऊन दीड वर्ष झालं, भरीत म्हणाल तेव्हा, शेवभाजी म्हणाल तेव्हा, आणि मी बसलेय तिकडची काकडी आठवत. नवरा म्हणतो तुला कुठेच ठेवायची सोय नाही.

पोलिश लोकांचं तरी बरं आहे. २००४ साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि लाखो माणसं इंग्लंड आयर्लंडला कामाला गेली, तर तिकडे त्यांची दुकानं निघाली, 'पोल्स्की स्क्लेप' अशी पाटी लावून, आत लोणची, पाव, चॉकलेट सगळं. मी फुले मार्केटात कोणाला विचारू, दादा झुरेकची बाटली आहे का म्हणून?

झुरेक म्हणजे काय ते सांगते. राय नावाचं धान्य असतं, राई नाही हो, मोहरीचा काही संबंध नाही, गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे, थंडीत तग धरणारं. त्याचं पीठ कोमट पाण्यात कालवायचं, त्यात ठेचलेला लसूण, तमालपत्र, दोनचार ऑलस्पाइसचे दाणे घालायचे आणि चारपाच दिवस आंबू द्यायचं, रोज एकदा ढवळायचं. याला म्हणतात झाकफास. मग ते आंबट पाणी सूपमध्ये ओतायचं, वरून मार्जोरम नावाचा सुका पाला चुरडून, उकडलेलं अंडं आणि पांढरं सॉसेज. ईस्टरला तर घरोघरी. काही ठिकाणी पाव पोखरून त्याच्या वाडग्यात देतात, टुरिस्ट लोक फोटो काढतात. पण चव कशी सांगू, आपली कढी आणि आंबील यांच्या मधली काहीतरी, पण जास्त खोल, आणि उणे पाच डिग्रीत बाहेरून आल्यावर पहिला चमचा पोटात गेला ना की कानापर्यंत ऊब चढते.

आमच्याकडे घरात मांसमटण चालत नाही. मी आपली काउंटरवर 'सॉसेज नको, अंडं चालेल' असं मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये सांगून मजेत प्यायचे, आणि ते सूप मुळात बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात हे मला सात महिन्यांनी कळलं. त्यानंतर आजी माझ्यासाठी वेगळं करायच्या, सुक्या मशरूमच्या पाण्यात. सासूबाई ब्लॉग वाचत नाहीत हे एक बरं आहे.

आजींना मी 'पानी' म्हणायचे. म्हणजे पोलिशमध्ये बाईमाणसाला मानाने हाक मारायची तर पानी, आपलं मॅडम किंवा ताई म्हणतात तसं. घरून फोन आला की सासरे हमखास विचारायचे, काय गं, कुठलं पाणी आलं आज?

पण मला खरी आठवण येते ती काकडीची. ओगुर्की किशोने. लिहितानाच तोंडाला पाणी सुटलं. यात व्हिनेगर नसतं हे पहिलं लक्षात घ्या, व्हिनेगरवाली वेगळी, तिला कोन्सेर्वोवे म्हणतात आणि ती गोडसर असते, आमच्या आजी तिला काकडी म्हणायलाच तयार नव्हत्या. किशोने म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेली. बुटक्या खरबरीत काकड्या, लसूण, ख्षान नावाचं एक झणझणीत मूळ, त्याचीच पानं, आणि बी धरलेल्या शेपूच्या काड्या. हो, शेपू! ज्या भाजीला आपल्याकडे अर्धं घर नाक मुरडतं ती पोलंडमध्ये जिथे तिथे, नव्या बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीत शेपू. नवरा शेपूच्या वासाने जेवणावरून उठणारा माणूस, तिकडे चार वर्षं न बोलता खात होता कारण नाव कोपेरेक होतं.

व्रोत्सवाफमध्ये हाला तार्गोवा म्हणून जुना बाजार आहे, १९०८ सालची लाल विटांची इमारत, आत उंच कमानी. तिथे पिंपात काकड्या आणि आंबवलेली कोबी असायची. उन्हाळ्यात दोनतीन दिवसच मुरलेली असते ती मावोसोल्ने, ती अजून हिरवीगार, कचकन तुटणारी. थंडीतली मात्र खाकी रंगाची आणि अशी आंबट की एक डोळा आपोआप मिटतो. त्या पिंपातलं पाणीसुद्धा लोक पितात. मीपण प्यायला लागले होते, खोटं कशाला बोलू.

मग इथे आल्यावर पहिल्याच मे महिन्यात मला हुक्की आली. बाजारातनं कोवळ्या काकड्या आणल्या, शेपूची जुडी आणली, एक लिटर पाण्याला साधारण तीस ग्रॅम मीठ हे आजींचं माप मला पाठ होतं, बरणी भरली, झाकण गच्च लावलं आणि ओट्यावर ठेवली. बाहेर चव्वेचाळीस. तिकडे हे सगळं वीस डिग्रीच्या आसपास होतं, सावकाश, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या रात्री दोन वाजता फट्ट असा आवाज, सासरे काठी घेऊन उठले, त्यांना वाटलं मांजर. झाकण उडून पार मिक्सरपर्यंत गेलेलं, ओटाभर शेपूचं पाणी, आणि काकड्या दाबल्या तर बोट आत जाईल इतक्या मऊ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं फडकं दिलं हातात.

आता मी डिसेंबरातच करते आणि झाकण सैल ठेवते. काकडी कडक राहायला तिकडे ओकची नाहीतर चेरीची पानं टाकतात, त्यातल्या तुरटपणामुळे ती लवकर मऊ पडत नाही, तर मी चिमूटभर चहापत्ती टाकते, चालतं. ख्षानचं मात्र जमत नाही. इंग्रज लोक इकडे असताना त्याच्याजागी शेवग्याचं मूळ वापरायचे म्हणे, चव खरंच तशी असते, पण त्या मुळाची साल विषारी असते असं वाचलं आणि नाद सोडला. मळ्यात शेवगा आहे, पण शेंगांपुरताच बरा.

त्फारुगचं जमलं, ते सांगते कारण सोपं आहे. त्फारुग म्हणजे त्यांचं पांढरं चीज, पण पनीर नाही आणि चक्काही नाही, दोघांच्या मधलं. पनीरला आपण उकळतं दूध लिंबाने फाडतो, चक्क्याला दही नुसतं टांगतो. त्फारुगला आधी दूध आंबवायचं, घट्ट दही झालं की ते अगदी मंद आचेवर, बोट सहन करेल इतकंच, गरम करायचं, की दही आणि पाणी वेगळं होतं, मग कापडात टांगायचं. घाई केली की रबर होतो. मग तो कुस्करून त्यात मुळा आणि कांद्याची पात बारीक चिरून, मीठ, थोडी साय. तिकडे सकाळी पावावर लावतात, मी भाकरीवर लावते आणि ज्वारीच्या भाकरीवर ते जास्त चांगलं लागतं असं माझं स्पष्ट मत आहे. केफिर, माश्लांका वगैरेची आठवण काढायची गरज नाही, आपलं ताक आहे.

पिएरोगीबद्दल फार लिहिणार नाही, त्याबद्दल सगळेच लिहितात. करंजीसारखं असतं, पाण्यात उकडतात, झालं. फक्त एक गोष्ट. त्यातली बटाटा आणि त्फारुग घातलेली जी असते तिला रुस्के म्हणतात आणि मला वाटायचं रशियाची, तर तसं नाही, ते नाव जुन्या रुस प्रांताचं, म्हणजे आताचा पश्चिम युक्रेन आणि त्याला लागून असलेला पोलंडचा तुकडा. २०२२ च्या युद्धानंतर तर कितीतरी हॉटेलांनी मेनूवर खोडून 'युक्रेनी' असं लिहिलं. आमचं व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत जर्मन शहर होतं, युद्ध संपलं, सीमा सरकल्या, जर्मनांना जावं लागलं आणि पूर्वेकडून ल्वूफच्या बाजूची माणसं तिथे येऊन राहिली, ल्वूफ सोव्हिएत युनियनमध्ये गेलं म्हणून. आजींचे आईवडील त्यातलेच. त्या कणिक लाटताना म्हणाल्या होत्या की घर आणता आलं नाही, हे आणलं. आणि लगेच मला ओरडल्या की कड नीट दाब, पाण्यात सुटेल.

यावरून आठवलं, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. हे मला पोलंडला जाऊन कळलं, लाज वाटली. पाच वर्षं कोल्हापूरच्या हवेत त्या बायकांनी काकडी घातली असेल का, आणि त्यांचीही झाकणं उडाली असतील का, हा प्रश्न मला कधीही पडतो, भांडी घासतानासुद्धा.

बाकी किरकोळ यादी. इन्का, ही धान्याची कॉफी, राय, बार्ली, चिकोरी आणि बीट भाजून केलेली, १९७१ पासून मिळते, कॅफिन नाही त्यामुळे रात्री दहालाही प्या. आणलेली चार पाकिटं संपली. प्ताशे म्लेच्को, म्हणजे 'पक्ष्याचं दूध', आत फेसासारखं मऊ आणि वरून चॉकलेट, वेडेल कंपनीचं, १९३६ पासूनचं. येताना तीन डबे आणले होते पाहुण्यांसाठी, मुंबईहून रेल्वेने भुसावळ येईपर्यंत त्याचा एकच दगड झाला, तो आम्ही सुरीने कापून वाटला. तिंबार्कचा सफरचंद पुदिन्याचा ज्यूस, ज्याच्या झाकणाखाली काहीतरी गमतीदार लिहिलेलं असतं, आणि आमचा मुलगा ती झाकणं अजून डब्यात सांभाळून आहे. आणि बार म्लेच्नी! दूधबार. नावातच बार, त्यामुळे नवऱ्याने पहिल्यांदा फोनवर 'आम्ही बारमध्ये जेवलो' सांगितलं तेव्हा इकडे काय झालं असेल ते समजून घ्या. साधी खानावळ असते हो ती, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, मांस नसलेल्या ठराविक पदार्थांवर सरकार पैसे देतं म्हणून स्वस्त, सोबत फळं उकळून केलेलं कोम्पोतचं पाणी. आमच्यासारख्यांची तीच सोय.

पावाचं मी काही करू शकत नाही. तो रायचा काळसर, आंबट, वजनदार पाव. इथला पाव गोड असतो. विषय संपला.

तर परवाचं सांगत होते. बिबड्यांची ज्वारी निथळली, ते पाणी सासूबाई मोरीत ओतायला निघाल्या आणि मी म्हटलं थांबा. रायचं पीठ नाही तर नाही, ज्वारीचं आहे ना. त्या पाण्यात चार चमचे ज्वारीचं पीठ कालवलं, लसूण ठेचून घातला, तमालपत्र घातलं, वर फडकं. या उकाड्यात पाच दिवस कशाला, दीड दिवसात वर फेस आला. मग बटाटा, गाजर उकळून त्यात ते ओतलं, मार्जोरमऐवजी ओवा चुरडला थोडासा, झुरेक होतं का तर नाही, रायची ती मातकट चव यात नाही, पण पहिल्या चमच्याला मी व्रोत्सवाफच्या त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले एवढं नक्की.

सासूबाईंनी चमचाभर चाखलं, जिभेवर फिरवलं, म्हणाल्या, "चांगलं हाये, पन फोडनीच विसरली वं तू." आणि कढल्यात तेल, मोहरी, चार सुक्या मिरच्या, वरून लसूण अजून. चर्रर्र. भाकरी चुरून दोन वाट्या संपवल्या त्यांनी, सासऱ्यांनीही.

माझी वाटी मी फोडणी पडायच्या आत काढून फ्रिजवर ठेवली होती.