पोरगी धावते, पण किती वर्षं?

शर्यत जळगावला असो, धुळ्याला की नंदुरबारला, बक्षीस समारंभ संपला की एखादी आई किंवा बाप बाजूला घेऊन मला विचारतातच, "मॅडम, पयीसन पोट भरस का?" म्हणजे पळून पोट भरतं का? आणि पाठोपाठ, "बाविसाव्या वर्षी लग्न झालं की हे बंदच ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर वेगानं पेलणारं शरीर विशीत घडत जातं. भारताची धावपटू ओ. पी. जैशानं २०१५ मध्ये बीजिंगला २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा ती ३२ वर्षांची होती. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची कविता राऊत २०१६ ला ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली ती ३१ व्या वर्षी. रुमेनियाच्या कॉन्स्टँटिना दितानं तर २००८ चं ऑलिंपिक सुवर्ण ३८ व्या वर्षी जिंकलं. बाविसाव्या वर्षी तुम्ही पोरीला थांबवता, तेव्हा तिचा खरा वेग अजून दिसलेलाच नसतो.

आता पोटाचं. निव्वळ बक्षिसांवर घर चालत नाही. जीव तोडून धावायच्या मॅरेथॉन वर्षात दोन-तीनच झेपतात. आधार असतो तो नोकरीचा. कविताला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं नोकरी दिली. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण तिथवर पोचेपर्यंतची पाच-सात वर्षं घरानंच काढायची असतात, आणि बहुतेक पोरी तिथेच गळतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. अंधारातच निघावं लागतं. मागून मोटरसायकलवर भाऊ किंवा बाप हवा. परत आल्यावर पाणी भरणं, भाकरी थापणं तिच्याच वाट्याला आलं, तर शरीर भरून कधी निघणार? तिला पोटभर जेवण हवं, रोज दूध-अंडी हवीत. कमी खाऊन जास्त धावलं की पाळी थांबते. त्याला "बरं झालं, कटकट गेली" म्हणणाऱ्या आयांना मी हात जोडते. त्यातून हाडं ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडे जातात.

म्हणून महागड्या बुटांआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि स्थळ आलंच, तर त्या घरी स्पष्ट विचारा, लग्नानंतर पहाटे हिच्यासोबत कोण निघणार?