भिंतीवरची गुलाबी रेघ

लोकांनी आपणहून दाखवलेल्या पुराच्या खुणा मोजून आम्ही नकाशावर पूररेषा काढली, आणि ती रेषा त्याच लोकांच्या घरांवरून गेली. हे होऊन बरेच दिवस झाले, तरी माझ्या डोक्यातून जात नाही. ओढ्याचं आणि वस्तीचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि तिथल्या घराघराची किंमत अशा उल्लेखांनी खालीवर होते. सोलापूरचा पूर्वभाग एवढं पुरे.

सोलापूरला पाऊस तसा बेताचाच पडतो. आदिला नदीवरचा एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, तो १८७१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्याही कितीतरी आधी सिद्धेश्वरांनी खणलेला तलाव गावाच्या मध्यावर आहे. पाणी अडवायचं कसं आणि साठवायचं कसं, हे या शहराला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पडलेलं पाणी शहरातून बाहेर जातं कसं, याचा विचार मात्र कुणी नेटाने केला नाही. परतीच्या पावसात महिन्याभराचा पाऊस एका रात्रीत कोसळतो, खाली काळी माती आणि तिच्याखाली कातळ, वर डांबर आणि पत्रे. पाणी मुरायला जागाच नाही. तासाभरात सगळं ओढ्यात.

आमच्या ओढ्याला दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आहेत आणि तळालाही काँक्रीट आहे. भिंती बांधताना त्याचं एक मोठं वळण काढून टाकून तो सरळ केला. जुन्या वळणाच्या जागी आज लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, पत्र्याचे शेड आणि घरांची एक ओळ आहे. जुनी माणसं त्या ओळीला अजून ‘जुना ओढा’ म्हणतात. आमच्या कामाचं नाव होतं पुनरुज्जीवन आराखडा, आणि त्यात लोकसहभाग हा एक मुद्दा. बहुतेक ठिकाणी हा मुद्दा बैठकीचे फोटो आणि सह्यांचा कागद जोडला की पूर्ण झाला असं धरतात. मी या पद्धतीवर चिडते आणि कार्यालयात हे सगळ्यांना माहीत आहे.

पूर्वभागात बैठक लावायची तर आधी पाण्याचा दिवस बघावा लागतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी घरातली बाई कशालाही येणार नाही, आणि येऊही नये. मग बिड्यांचा माल कारखान्यात देऊन बायका परत कधी येतात ते बघायचं. लूम चालू असताना तर शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. शिवाय अर्धं बोलणं तेलुगूत होतं, म्हणून वस्तीतलीच एक कॉलेजात जाणारी मुलगी आम्ही सोबत घेतली. तिने जे काम केलं ते आमच्यातल्या कुणालाच जमलं नसतं. ती शब्दाला शब्द लावत बसत नव्हती. कोण कुणाची सून आहे आणि कोण कुणासमोर बोलणार नाही, हेही ती सांगत होती.

पहिल्या बैठकीत माझ्या सहकाऱ्याने नेहमीची चित्रं दाखवली. सिंगापूरचं बिशान उद्यान, जिथे २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, काम २०१२ मध्ये पूर्ण झालं. दक्षिण कोरियातल्या सोलचा चॉन्गेचॉन, जिथे उड्डाणरस्ता पाडून २००५ मध्ये ओढा वाहता केला. बायका सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत वळतच बघत होत्या. चित्रं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक अक्का म्हणाल्या, “आमच्या नळाला चार दिवसाला पाणी येतंय. तुमच्या नदीला रोजचं पाणी कुठनं आणणार मॅडम?”

हा प्रश्न तज्ज्ञांच्या बैठकीत मी कधी ऐकलेला नाही. चॉन्गेचॉनमध्ये रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने उचलून सोडतात, हे मी त्यांना सांगितलं. सिंगापूरला कालव्याच्या शेजारी मोठं उद्यान आधीपासून होतं, हेही सांगितलं. काठ हिरवा करायला रुंदी लागते. काँक्रीटचा खरखरीतपणा, म्हणजे पृष्ठभाग पाण्याला किती अडवतो तो आकडा, हिशेबात ०.०१५ च्या आसपास धरतात, झाडीझुडपांच्या काठाचा ०.०५ आणि त्याहूनही वर. म्हणजे ओढ्याचा सगळा छेद, तळ आणि दोन्ही काठ, तसा केला, तर तेवढ्याच उतारावर आणि तेवढ्याच उंचीला जेमतेम तिसरा हिस्सा पाणी वाहून जाणार. उरलेल्याला जागा द्यावी लागते. आमच्या ओढ्याच्या शेजारी उद्यान नाही, माणसं राहतात. चित्रं दाखवणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच चित्राबरोबर सांगावी, असं माझं ठाम मत आहे.

मग आम्ही बाकांचा आणि कारंज्यांचा विषय बाजूला ठेवून विचारलं, मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं?

पुढचे काही तास माझ्या नोकरीतले सगळ्यात मोलाचे. बायका सूप खाली ठेवून उठल्या आणि आम्हाला घरात नेऊ लागल्या. त्या अक्कांनी स्वयंपाकघराची भिंत दाखवली. “हे गुलाबी दिसलालंय ना, तिथंवर.” खरोखर चुन्याच्या भिंतीवर कमरेच्या वर एक फिकट गुलाबी रेघ होती, सगळ्या भिंतींवरून सारख्या उंचीने गेलेली. त्या रात्री वरच्या अंगाला टॉवेलचा रंगीत माल चालू असणार, पाण्याने रंग सोबत आणला आणि जिथे ते थांबलं तिथे ठेवला. पुराची इतकी स्वच्छ खूण मी कुठल्याही नदीवर पाहिलेली नाही. पुढच्या घरात प्लायवूडच्या कपाटाचं दार एका उंचीपर्यंत फुगलं होतं. लूमच्या पायांवर गंजाचा पट्टा होता. ज्यांच्याकडे खूण नव्हती त्यांनी अंगावर हात लावून दाखवलं, आणि तिथे आम्ही जपून नोंद घेतली, कारण रात्रीच्या अंधारात पाणी माणसाला नेहमी जास्तच वाटतं.

मग लेव्हल लावली. पुलाच्या कठड्यावर टीबीएम, म्हणजे उंची मोजायचा तात्पुरता आधारबिंदू, घेतला, तिथून खूण न् खूण स्टाफ, म्हणजे आकड्यांची पट्टी, धरून वाचली. घरात दिवा कमी, दुर्बिणीतून आकडे दिसेनात, तर पोरांनी मोबाइलचे टॉर्च धरले. खुणा खऱ्या की सांगोवांगीच्या, हे ओळखायची रीत सोपी आहे. सगळ्यांची उंची एका कागदावर मांडायची. पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग वरून खाली उतरत जातो, त्यामुळे खऱ्या खुणा एका उतारावर बसतात. एखादीच वर उडाली तर ती खूण तरी चुकलेली असते, नाहीतर तिथे काही अडथळा असतो. आमच्या खुणा बोटाबोटाच्या फरकाने एका उतारावर बसल्या. फक्त नळकांड्यांच्या पुलापाशी, जिथे पाणी पुलाखालच्या पाइपांतून जातं, उतार तुटला. पुलाच्या वरच्या अंगाच्या सगळ्या खुणा पायरीसारख्या उंच, खालच्या अंगाच्या एकदम खाली.

ती पायरी बघून मला टाळी वाजवावीशी वाटली. नळकांडी सुताच्या गुंत्याने, चिंध्यांनी आणि प्लास्टिकने तुंबली होती, पाणी मागे फुगलं होतं. तरी ते भिंतीवरून आलं नव्हतं. आमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे पुराच्या संगणकावरच्या हिशेबात, त्या रात्रीचं पाणी भिंतींच्या आतच राहत होतं, आणि तेवढं बरोबर होतं. ते गल्लीच्या गटारांच्या तोंडांतून उलटं आत शिरलं होतं. त्या तोंडांना झडपा नाहीत. ओढा भरला की गटार उलटं वाहतं, आणि भिंत बांधून आपण सुरक्षित झालो असं समजलेली गल्ली आतून भरते. वस्तीतल्या कुणालाही हे विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. “पाणी मोरीतनं येतंय,” हे वाक्य मी नंतर घरोघर ऐकलं.

खुणांवर मॉडेल जुळवून घेतलं, गटारांची तोंडं आणि तुंबलेली नळकांडी त्यात घातली आणि पूररेषा पुन्हा काढली. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळणं फार अवघड, त्यामुळे घर वाढवणं, कर्ज काढणं, घरकुल मागणं सगळं अडकतं. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याने जे केलं ते पाहिल्यावर या नियमाची गरज कुणी मला समजावून सांगायला नको. पण आमची नवी निळी रेषा जुन्या ओढ्याच्या ओळीवरून गेली आणि पुढे सरकून गुलाबी रेघेच्या घराच्याही पलीकडे गेली. त्या रात्रीच्या पावसापेक्षा २५ वर्षांचा पाऊस मोठा, त्यामुळे रेषा भिंतीवरच्या रेघेहूनही वरची आली.

वरिष्ठ म्हणाले, आत्ता वस्तीत सांगायची गरज नाही, मंजूर झाल्यावर कळेलच. हुशार माणूस आहे, माझ्याहून जास्त पूल बांधलेला. पण मला हे पटलं नाही आणि पटणारही नाही. माणसाकडून घराची आतली भिंत मोजून घ्यायची आणि त्या मापाचं काय झालं हे त्याला सरकारी सूचनेतून कळायचं, याला सहभाग म्हणता येत नाही. बरीच बाचाबाची झाली. शेवटी दुसरी बैठक लागली.

नकाशा भिंतीवर लावला, ज्याला-त्याला आपलं घर शोधायला लावलं. लूमवाल्या एका अण्णांनी बराच वेळ बोटाने गल्ली मोजली आणि वळून म्हणाले, “आम्ही दाखवलं म्हणून आमचं घर गेलं. पलीकडच्या गल्लीनं तोंड उघडलं नाही, ती वाचली.”

पलीकडची गल्ली वाचलेली नव्हती. रेषा जमिनीच्या उंचीवरून निघते, ती तिथूनही जात होती, आणि मी ती बोटाने दाखवली. पण अण्णांचं म्हणणं खोडून निघालं असं मला आजही वाटत नाही. जिथे भिंतीवरच्या खुणा नोंदलेल्या आहेत तिथल्या रेषेवर कुणी वाद घालू शकत नाही. जिथे नाहीत तिथे हरकती येतात, फेरमोजणी होते, रेषा थोडी आत ढकलली जाते. असं होताना मी अनेकदा पाहिलंय, आणि ढकलणारे नेहमी जास्त जागा असलेले लोक असतात.

त्यानंतर गेले तेव्हा अक्कांच्या स्वयंपाकघराला चुना मारलेला होता. गुलाबी रेघ नव्हती. शेजारच्या घरांनीही मारला होता. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “पोरानं मारला. त्याला वाटलं, रेघ गेली की तुमची रेषा जाईल.” मग थोड्या थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या वहीत आहे की?”

आहे म्हटलं.

“ते खोडू नका. पूल मोठा करा म्हणायला आमच्याकडं तेवढंच आहे.”

माझ्या सगळ्या अहवालात या कामाचं इतकं नेमकं वाचन कुठे नाही. त्याच खुणा घरं रेषेत घालतात आणि त्याच खुणा सांगतात की पाणी इतकं का चढलं. पूल बदलून चौकोनी मोठ्या गाळ्यांचा केला, गटारांच्या तोंडांना झडपा बसवल्या आणि झडपा बंद असताना गल्लीचं पाणी उपसायला पंप ठेवला, तर मॉडेलमध्ये पाणी खाली येतं आणि अक्कांचं घर निळ्या रेषेच्या बाहेर पडतं. जुन्या ओढ्याची ओळ मात्र काही केलं तरी आतच राहते. ती जागा पाण्याचीच होती आणि पाणी मोठ्या पावसात तिथे येतच राहणार. त्या ओळीत एका खोलीत राहणारी कुटुंबं आहेत. रोज चालत कारखान्यात माल द्यायला जाणाऱ्या बाईला शहराच्या दुसऱ्या टोकाला घर दिलं तर तिचं उत्पन्नच बुडतं, म्हणून पुनर्वसन त्याच भागात आणि आधी घर, मग जागा मोकळी, असं मी अहवालात लिहिलं आहे.

आता वाद दोन आहेत. तपासणी करणारे म्हणतात, पूररेषा आजच्या परिस्थितीची काढायची, पूल बदलल्यानंतरची नाही. नियमाच्या दृष्टीने त्यांचं चूक नाही. मी दोन्ही रेषा एकाच नकाशावर दाखवल्या आहेत आणि पूल झाल्यावर रेषा पुन्हा तपासली जाईल ही अट लेखी मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही. दुसरा वाद क्रमाचा. काठावरचा रस्ता, बाक आणि झाडं आधी करायची घाई आहे, कारण ती लवकर होतात आणि दिसतात. पूल आणि झडपा मागे पडतात. पूल आधी झाला नाही, तर हिरवा केलेला काठ पाण्याचा वेग कमी करून त्याच तुंबलेल्या नळकांड्यांमागे पाणी आणखी चढवेल, आणि तेव्हा पाणी चढेल ते अक्कांच्या नव्या चुन्यावर. हे मी आकड्यांसकट लिहून दिलंय, तीन पानं, छेद आणि उंच्या लावून.

खुणांचा तक्ता मराठीत आणि तेलुगूत करून समाजमंदिराच्या भिंतीवर लावला आहे. घर क्रमांक नाही, फक्त खुणेची उंची आणि दोन्ही रेषा. पलीकडच्या गल्लीतून दोन जण येऊन आपल्या भिंती मोजून घ्या म्हणाले. का ते मी विचारलं नाही, पण रेषा तुमच्यावरूनही जाईल हे त्यांना आधी सांगितलं, आणि मग लेव्हल लावली. जुन्या ओढ्याच्या ओळीतली बैठक पुढच्या आठवड्यात आहे, पाण्याचा दिवस सोडून.