मोडेम उचलतो, पण एक्स्चेंज गप्प : माझा अनुभव

ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, प्रोग्रॅमिंग पोर्टला मोडेम (संगणकाचे संकेत फोनलाइनवरून नेणारे यंत्र) जोडून दुसऱ्या ठिकाणाहून डायल करून आत शिरायचे, हे काम पुस्तिकेत एका वाक्यात उरकलेले असते. एखादे एक्स्टेन्शन हलवण्यासाठी किंवा रात्रीच्या रिंगची व्यवस्था बदलण्यासाठी दरवेळी प्रवास करावा लागू नये, म्हणून मी ही सोय करायला घेतली. लाइन मिळाली, मोडेम मिळाला, लॅपटॉप थेट पोर्टला लावल्यावर पासवर्डही चालला. पुढे ज्या एका ठिकाणी गाडे अडले त्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण सिस्टीम पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट विभागाने खरे कारण शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी डायल केले की पलीकडचा मोडेम फोन उचलत असे, दोन्हीकडचा तो कर्कश आवाज होऊन जाई, माझ्या स्क्रीनवर ‘कनेक्ट ९६००’ उमटे आणि पुढे काहीच घडत नसे. एंटर दाबत राहिले तरी पासवर्डची ओळ येत नसे. क्वचित आलीच, तर बरोबर पासवर्डही नाकारला जाई. सपोर्टकडे तक्रार केली की आधी फॉर्म भरा, मग लाइन तपासून घ्या, मग मोडेम बदला, अशी उत्तरे येत आणि प्रत्येक उत्तरासाठी ताटकळत बसावे लागे. वास्तविक दोन मोडेम एकमेकांशी व्यवस्थित जुळत होते, तेव्हा लाइनवर संशय घेण्याचे कारणच नव्हते. बिघाड असलाच तर मोडेम आणि एक्स्चेंज यांच्यामधल्या हातभर अंतरात होता, आणि तिकडे पाहायला कोणी तयार नव्हते.

अखेर मोडेमची केबल एक्स्चेंजमधून काढून मी लॅपटॉपला लावली, टर्मिनल प्रोग्रॅम उघडला आणि मोबाइलवरून मोडेमच्या नंबरवर फोन केला. रिकाम्या स्क्रीनवर ‘रिंग’ हा शब्द उमटला, काही क्षणांनी पुन्हा ‘रिंग’, आणि मी फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने ‘नो कॅरियर’. एक्स्चेंजच्या पोर्टवर इतके दिवस हेच जात होते. मोडेम माणसासाठी असलेल्या सूचना पोर्टवर अक्षरांत पाठवत होता, एक्स्चेंज त्यांना कोणीतरी टाइप केलेला पासवर्ड समजत होते, आणि चुकीच्या पासवर्डांची मर्यादा ओलांडली की पोर्ट काही काळ बंद करून टाकत होते. भरीस भर म्हणजे इको चालू असल्यामुळे एक्स्चेंजने विचारलेला प्रश्न मोडेम जसाच्या तसा परत पाठवी आणि तोही उत्तर म्हणून मोजला जाई.

उपाय मोडेमला टाइप करून द्यायच्या एका ओळीचा निघाला (असे आदेश ‘एटी’ने सुरू होतात) : एटी ई० क्यू१ एस०=२ &डब्ल्यू. ई० ने इको थांबतो, क्यू१ ने सूचना बंद होतात, एस०=२ मुळे दुसऱ्या रिंगला फोन उचलला जातो आणि &डब्ल्यू ने हे सारे मोडेमच्या स्मृतीत राहते. क्यू१ दिल्यानंतर मोडेम ‘ओके’ म्हणत नाही, त्यामुळे तो हँग झाला असे वाटते. न घाबरता एटीक्यू० टाइप केले की तो पुन्हा उत्तर देऊ लागतो. त्या दिवशी पहिल्याच डायलला पासवर्डची ओळ आली, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. सपोर्टने मात्र माझी तक्रार ‘मोडेम सदोष’ असा शेरा मारून बंद केली.

हे आदेश देताना लॅपटॉपचा वेग एक्स्चेंजच्या पोर्टइतकाच ठेवावा, हे आधीच सांगायला हवे होते. बरेच मोडेम शेवटचा एटी आदेश ज्या वेगाने ऐकला तोच वेग पोर्टसाठी धरून ठेवतात. तो ११५२०० बिट प्रति सेकंद आणि पोर्टचा ९६०० असेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. पॅरिटी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी अक्षरासोबत जाणाऱ्या जादा बिटची पद्धत, हीही जुळली पाहिजे.

केबलचे म्हणाल, तर काही एक्स्चेंजांचा पोर्ट संगणकाची सरळ केबल लागावी अशा बेताने जोडलेला असतो; तिथे मोडेम लावताना २ आणि ३ क्रमांकांच्या तारांची अदलाबदल करावी लागते. केबलमध्ये २, ३ आणि ५ एवढ्याच तारा असतील तर डीटीआरचा, म्हणजे ‘मी तयार आहे’ असे एक्स्चेंजने सांगण्याचा, संकेत मोडेमपर्यंत पोहोचत नाही आणि तो फोनच उचलत नाही; अशा वेळी त्या संकेताकडे दुर्लक्ष करायला लावणारे &डी० द्यावे. मात्र &डी० दिल्यावर एक्स्चेंजला डीटीआर खाली आणून लाइन तोडता येत नाही, म्हणून बाहेर पडताना न चुकता लॉग आउट करावे, नाहीतर पुढचा डायल करणारा थेट उघड्या सत्रात शिरू शकतो.

मोडेमच्या लाइनवर कॉल वेटिंग बंद करून घ्यावे, कारण त्या बीपने जोडणी तुटू शकते. तुम्ही स्वतः एक्स्टेन्शनवरून डायल करत असाल तर एक्स्चेंजचा डायल टोन मोडेमला अनेकदा ओळखू येत नाही. तेव्हा टोनची वाट न पाहता डायल करायला लावणारे एक्स३ द्यावे आणि बाहेरची लाइन मिळेपर्यंत थांबण्यासाठी नंबरात स्वल्पविराम घालावा, जो बहुतेक मोडेमांवर २ सेकंदांचा असतो. इंटरनेटवरून चालणारी फोनलाइन या कामासाठी मी वापरणार नाही, कारण आवाजाची माहिती दाबून लहान करणाऱ्या कोडेक या यंत्रणेतून मोडेमचे संकेत धड जात नाहीत.

कारखान्यातून आलेला पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलला, कारण अशा पोर्टमधून आत शिरून दुसऱ्याच्या बिलावर परदेशी कॉल करणारे लोक नंबरामागून नंबर डायल करून मोडेम शोधत असतात. जिथे कामाचे दिवस ठरलेले असतात, तिथे मोडेमचा अडॅप्टर एरवी काढून ठेवायला आणि मी फोन केल्यावरच लावायला सांगितले आहे.